परसबागेचे पाणी आणि धामचा साठा

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर कोसळलेला पाऊस उजाडता उजाडता थोडा उतरला होता आणि शहराच्या एका नव्या वसाहतीत, आपल्या टुमदार घरासमोर, एक सुविद्य गृहस्थ एका हातात छत्री व दुसऱ्या हातात रबरी नळी धरून गुलाबाच्या वाफ्यास पाणी घालीत उभे होते. वाफ्यात पाणी आधीच तुंबलेले होते. ते आता काठ ओलांडून गटाराच्या दिशेने निघाले होते. न राहवून आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी मोठ्या प्रांजळपणे सांगितले, ‘नळ आला की बागेला पाणी घालायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. नेम एकदा मोडला की पुढे विसर पडतो.’ या उत्तरातील प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदरच वाटला. त्या गुलाबांची मात्र कीव आली.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण थोड्याफार फरकाने आपण सारेच त्या छत्रीखाली उभे आहोत. नळाला वेळ असते म्हणून पाणी घालण्यालाही वेळ ठरते. वेळ ठरली की मापही ठरते. पौषात वीस मिनिटे, वैशाखात वीस मिनिटे आणि आषाढातही वीसच मिनिटे! ज्या प्रदेशात पौषातल्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि वैशाखातल्या दुपारी पंचेचाळिशी ओलांडतो, ज्या प्रदेशात वर्षाचा सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस बहुतांशी मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ कोरडे असते, त्या प्रदेशात झाडांना बारमाही एकाच मापाने पाणी घालणे हे कोणत्या हिशेबात बसते? शेतकऱ्याने असे केले असते तर गावाने त्यास वेड्यात काढले असते. आपण सुशिक्षित शहरवासी ते करतो आणि त्यास बागकामाची शिस्त म्हणतो.

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे तर तो थोडा मांडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पाचशे चौरस फुटांची, म्हणजे सुमारे शेहेचाळीस चौरस मीटरची हिरवळ घरापुढे आहे असे धरा. मे महिन्यातील उन्हात ती हिरवीगार ठेवायची तर तिला दररोज सुमारे सहा मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे पावणेतीनशे लिटर. हीच हिरवळ डिसेंबरात शंभर लिटरच्या आत भागवते आणि पावसाची झड लागली असता तिला आपल्याकडून एक थेंबही नको असतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याच्या शासकीय नियमपुस्तिकेत माणशी दररोज १३५ लिटरचे मान धरलेले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास त्या हिशेबाने पावणेसातशे लिटर. म्हणजे भर उन्हाळ्यात ही वीतभर हिरवळ एकटीच कुटुंबाच्या पाण्याचे पाचांपैकी दोन वाटे पिऊन टाकते. तेही पाणी मोजून घातले तर! अर्ध्या इंची नळीतून मिनिटास दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. नळी वाफ्यात सोडून मालक वर्तमानपत्र वाचीत बसले आणि अग्रलेख जरा लांबला, तर काय होईल याचा दोष आम्हीही थोडा पत्करावयास हवा.

हे पाणी येते कोठून? वर्धेच्या नळात येणारे पाणी धाम नदीचे आहे. महाकाळीच्या धरणात साठलेले पाणी खाली येते आणि येळाकेळी व पवनार येथे ते शहरासाठी उचलले जाते. वाटेत ऊन आणि वाळू आपापला वाटा घेतातच. त्यावर तुरटी, क्लोरीन आणि वीज खर्च होते आणि मग ते आपल्या दारी येते. त्याच धरणाकडे शेतीचेही डोळे लागलेले असतात. शहराला लागून असलेली पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव ही मेघे गावे आता नावापुरतीच गावे उरली असून तेथील वस्ती वर्षागणिक वाढते आहे. मागणाऱ्यांची रांग अशी लांबत असता धरण मात्र होते तेवढेच आहे. २०१९ चा उन्हाळा वर्धेकर अद्याप विसरले नसावेत. धामचा साठा तळाला गेला, नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागले, आणि एरवी शेजाऱ्याची वास्तपुस्त न करणारी माणसे टँकर कोणत्या गल्लीत आला याची चौकशी पहाटेपासून करू लागली. त्या दिवसांत कित्येकांच्या बागा करपल्या. परंतु त्या केवळ त्या वर्षीच्या उन्हाने करपल्या असे आम्हांस वाटत नाही. रोज वरवरचे पाणी पिण्याची सवय लागल्यामुळे ज्यांची मुळे कधी खाली गेलीच नाहीत, अशी झाडे पहिल्या आठवड्यात माना टाकतात. त्याच कुंपणावरचा कडुनिंब मात्र कोणी न विचारता उभा असतो.

मुळांची ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथे आहे. आपल्या जिल्ह्यातील बरीच जमीन भारी, काळी, चिकण आहे. तिचा स्वभाव कापसाच्या शेतकऱ्यास ठाऊक असतो. ती पाणी सावकाश घेते, पुष्कळ घेते आणि घेतलेले लवकर सोडत नाही. हातभर नव्हे, चांगली मीटरभर खोल काळी माती पावसाने तृप्त झाली, की तिच्यात झाडाच्या उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. म्हणजे हस्ताचा पाऊस बरा झाला असेल, तर दसऱ्यानंतर तीन-चार आठवडे खोल मुळांच्या झाडास हात लावण्याचेही कारण नाही. आपण मात्र आश्विनातले चार दिवस कडक तापले, की त्या उन्हाने घाबरून नळी सोडतो. वरची दोन बोटे माती कोरडी दिसते, खाली चिखल असतो. अशा जमिनीत मुळांना वारा मिळत नाही, ती कुजतात, पाने पिवळी पडतात. आणि पिवळे पान दिसताच आपण आणखी पाणी घालतो! पपई, गुलाब आणि कढीपत्ता ही झाडे या प्रेमाने जितकी मेली असतील तितकी उन्हाने मेली नसतील. याउलट टेकडीच्या बाजूला, मुरमाड जागेवर ज्यांची घरे आहेत, त्यांच्या जमिनीत पाणी ठरत नाही. तेथे थोडे थोडे व वरचेवर घालणे भाग आहे. एकाच शहरात दोन रस्त्यांमध्ये हा फरक पडतो. तेव्हा शेजाऱ्याचे पाहून पाणी घालण्यातही अर्थ नाही. बोट मातीत खुपसावे, दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर झारी जागच्या जागी ठेवावी. यास कोणतेही यंत्र लागत नाही. बोट मळेल एवढाच काय तो खर्च.

पाणी घालण्याइतकेच पाणी न घालणे हेही एक शास्त्र आहे, आणि ते शिकण्यासाठी आपणांस परदेशी पुस्तके चाळावयास नकोत. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातील संत्र्याच्या बागाईतदाराकडे जावे. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहार धरावयाचा तर ऐन उन्हाळ्यात तो बागेचे पाणी तोडतो. विहिरीत पाणी असताना तोडतो. झाड मलूल होते, थोडी पाने गाळते. बागाईतदार रोज फेरी मारतो, फांद्या निरखतो, पण हात आवरून धरतो. हा ‘ताण’ हलक्या जमिनीत थोड्या दिवसांचा, भारी जमिनीत अधिक दिवसांचा. मग योग्य वेळी हलक्या हाताने पाणी सुरू केले की फुलांनी झाड लहडून जाते. घरच्या बागेत बोगनवेल आणि मोगरा यांचेही थोडेबहुत असेच आहे. बोगनवेलीस रोज पाणी घालणाऱ्याच्या कुंपणावर पाला माजतो आणि ज्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले त्याच्या दारी ती पेटल्यासारखी फुलते. मोगऱ्याचे पाणी थंडीत तोडून, छाटणी करून, माघ उलटताना खत व पाणी दिले तर उन्हाळ्यात ओंजळ भरते. ज्या शहराच्या उत्तरेस चार घटका अंतरावर हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे, त्या शहराने थंडीतही रोज सकाळी मोगरा भिजवावा आणि फूल येत नाही म्हणून रोपवाटिकेत तक्रार न्यावी, हा प्रकार चमत्कारिकच म्हटला पाहिजे.

थंडीत होणाऱ्या नासाडीकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणूनच आम्ही तिचा विशेष उल्लेख करतो. उन्हाळ्यात पाणी वाया गेलेले दिसते, बोचते. मार्गशीर्ष-पौषात धरण अजून बऱ्यापैकी भरलेले असते, म्हणून हात सैल सुटतो. पण वैशाखात जे पाणी हवे असते ते याच महिन्यांत राखावयाचे असते. जमिनीत मुरलेल्या झाडास या दिवसांत आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिले तरी पुरते. होळीनंतर हे अंतर हळूहळू कमी करीत आणावे. एका दिवसात नव्हे, उन्हाच्या पावलांनी. नवतपाच्या दिवसांत, मे महिना सरता सरता, लहान रोपांना दिवसाआड व कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी देण्याची पाळी येईल, ते जरूर द्यावे. मात्र ते सूर्य वर येण्यापूर्वी, बुंध्यापासून थोडे दूर आळे करून, सावकाश द्यावे. दुपारी बाराला फवारा उडवून पाने धुण्यात जे समाधान आहे ते पाहणाऱ्याचे. झाडाच्या वाट्यास त्यातले फार थोडे येते. आळ्यात चार बोटे पाचोळा पसरावा. हा पाचोळा आपण दर माघ-फाल्गुनात झाडून दारात जाळतो आणि चैत्रात उघडी माती भाजली म्हणून पाणी घालतो, यातला विरोध कोणास खटकत नाही याचे नवल वाटते. नव्या रोपाशेजारी कुंभाराचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ते झिरपत राहून दोन-तीन दिवस रोपाची तहान भागवते. ही युक्ती जुनीच आहे, आणि ती करावयास गावातला कुंभार अजून आहे.

हिरवळीविषयी आम्ही थोडे कटू बोलणार आहो. आपल्याकडे जिला ‘लॉन’ म्हणतात ती बहुधा हरळीचीच कोणती तरी जात असते. ही तीच हरळी, जी खणून काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते. ती आपण पैसे देऊन विकत आणतो, चौरस फुटांनी मोजून अंथरतो आणि धामचे शुद्ध पाणी पाजतो. बरे, तिला तरी इतक्या लाडाची जरुरी आहे काय? उन्हाळ्यात हरळी वाळून पिवळी पडते, पण मरत नाही. मुळांशी जीव धरून राहते आणि मृगाच्या दोन सरी पडताच पुन्हा हिरवी होते. तिला एप्रिल-मेमध्ये निजू द्यावे. पिवळी हिरवळ दारात असणे हे दारिद्र्याचे लक्षण आहे अशी जी समजूत नव्या घरांतून रुजली आहे, ती थंड व पावसाळी मुलखातून आलेली असून विदर्भाच्या उन्हात तिचा टिकाव लागण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. कोणी म्हणेल, ‘शेतीला आणि कारखान्यांना जाणाऱ्या पाण्यापुढे आमच्या चार कुंड्यांची काय कथा?’ वर्षाचा एकूण हिशेब पाहिला तर हे खरे आहे. पण उन्हाळ्यातील टंचाई वर्षाच्या हिशेबाने येत नाही. ती एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, एकाच नळाच्या दोन टोकांस येते. याच आठवड्यांत घरोघरचे कूलर दिवसरात्र पाणी ओढीत असतात आणि ते बंद करा असे म्हणण्याचे धैर्य वर्धेत तरी कोणी करणार नाही. माणसास उष्माघातापासून वाचविण्यास लागणारे पाणी आणि गवताचा रंग राखण्यास लागणारे पाणी एकाच वाहिनीतून येते. उताराच्या भागातील बंगल्याने मोटार लावून बाग भिजविली, तर चढावरच्या चाळीतल्या नळास त्या वेळी फक्त सुसकारा येतो. तेथील बाईस विदर्भाच्या जलनियोजनाची टक्केवारी सांगून काय उपयोग?

दुसरा आक्षेप याहून घातक आहे, कारण तो कृतीत उतरलेला दिसतो. ‘पाण्याची एवढी कटकट, तर बागच नको’ असे म्हणून अनेकांनी अंगणे फरशीने किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवून टाकली आहेत. हे आम्हांस मुळीच अभिप्रेत नाही. फरशीखाली गाडलेल्या अंगणात पाऊस मुरत नाही, विहिरीची व बोअरची पातळी सावरत नाही, आणि मे महिन्यात ती फरशी मध्यरात्रीपर्यंत घरावर आग ओकते. आमच्या शहरात झाडे आहेत त्याहून पुष्कळ अधिक हवीत. हनुमान टेकडीचा उजाड माथा नागरिकांनी श्रमदानाने हिरवा करून दाखविला आहे. त्या चढावर ज्यांनी पाणी वाहून नेले, त्यांना पाण्याचे माप कोणी शिकवावे लागत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, झाड निवडताना या मातीस आणि या उन्हास मानवणारे निवडावे. सेवाग्रामच्या आश्रमात १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ आजही दाखविले जातात. अशा झाडांना पहिली दोन-तीन वर्षे माणसाच्या हातचे पाणी लागते. पुढे ती आपले आपण पाहतात, वर आपल्याला सावली देतात.

पाण्याचे वजन हातास कळले पाहिजे, हे खरे. १९५० च्या सुमारास पवनारच्या आश्रमात विनोबा आणि त्यांचे सहकारी विहिरीवरचा रहाट स्वतः ढकलून भाजीच्या वाफ्यांना पाणी देत असत. तो प्रयोग सर्वांनी करावा असे सुचविण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु बटण दाबताच तोटी वाहू लागल्यापासून आपल्या हातास पाण्याचे वजन उरलेले नाही, ही गोष्ट कबूल करावयास हरकत नसावी. याच जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील काकडदरा या कोलाम आदिवासींच्या लहानशा गावाने २०१७ च्या उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस कुदळ-फावडे चालवून शिवारात चर आणि बांध घातले व पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. पडणारा पाऊस आपल्याच डोंगरात अडावा यासाठी ती माणसे एप्रिल-मेच्या उन्हात खपली. त्याच एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी मोटारी धुतल्या जात होत्या आणि रस्त्यावर सडे पडत होते. ही तुलना कोणास टोचली तर आमची हरकत नाही.

नागरिकांस सांगून झाल्यावर नगरपरिषदेस सोडून देणे न्यायाचे होणार नाही. पिण्याचे शुद्ध पाणी सार्वजनिक बागांवर ओतण्याची वेळ येऊ नये म्हणून सांडपाणी शुद्ध करून तेच बागांकडे वळविण्याची व्यवस्था तिने केली पाहिजे. फुटलेल्या वाहिनीची खबर मिळाल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती तास गेले याची नोंद लोकांस पाहता आली पाहिजे, कारण रस्त्यावर तीन दिवस कारंजे उडत असताना ‘पाणी जपून वापरा’ या फलकास कोणी किंमत देत नाही. नळाला मीटर आणि वापराप्रमाणे चढता दर ही गोष्ट अप्रिय आहे हे आम्ही जाणतो. तरीही गरजेपुरते पाणी स्वस्त आणि हिरवळीचे पाणी महाग, या तत्त्वावर ती आज ना उद्या करावी लागेल आणि निवडणुकीच्या भीतीने ती टाळण्यात शहाणपण नाही. नव्या घरास परवानगी देताना छपराचे पाणी मुरविण्याची अट कागदावर घालतात; ती जागेवर जाऊन पाहावी. हजार चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडील पावसाने वर्षात नव्वद हजार लिटरांच्या घरात पाणी पडते. ते गटारात सोडून देणाऱ्या घराने पुढे बागेसाठी नळाकडे पाहावे, हे पालिकेने चालवून का घ्यावे?

शेवटची एक सूचना अगदी साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. धामच्या साठ्याचा आकडा पाटबंधारे खात्याच्या दप्तरी असतोच. तो नगरपरिषदेने दर सोमवारी मुख्य चौकांत आणि पाण्याच्या प्रत्येक टाकीपाशी फळ्यावर लिहावा. शेजारी गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा आणि त्या आठवड्यात बागेस किती दिवसांआड पाणी पुरे, एवढी एक ओळ असावी. कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ ही ओळ आनंदाने लिहून देतील अशी आमची खात्री आहे. नगरपरिषद हे करील तोपर्यंत वाट न पाहता होळीपासून मृगापर्यंत दर सोमवारच्या अंकात, याच पानावर, आम्ही तो आकडा आणि ती ओळ छापू. ज्या वाचकांनी आपल्या बागेचे पाणी ऋतूप्रमाणे कमी-अधिक करून पाहिले असेल, त्यांनी झाड, जमीन आणि पाण्याचे अंतर यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. काळ्या जमिनीच्या आणि मुरमाड जमिनीच्या नोंदी वेगळ्या कराव्यात.